दोन डोळ्यांचा बैल

मोठ्या माणसाचं एक अक्षर न ऐकणारा आणि शेंबड्या पोराच्या शब्दाखातर दिवसभराचं काम पुसून टाकणारा माणूस साऱ्या निजामाच्या राज्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा पाठचा भाऊ निघाला. मेहुणे मूळचे भोकरदनचे. जालन्याच्या एका जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठींवर रंगाने छाप मारायची त्यांची बरी नोकरी होती. ती सोडून ते गावी परतले, घरामागच्या पडवीत एका सुताराला हाताशी धरलं आणि त्यांनी मुलांसाठी चित्रपाट्यांचा कारखाना काढला. कारखाना हा त्यांचा शब्द; आम्ही बाकीचे पडवीच म्हणायचो. पांगाऱ्याच्या हलक्या फळीवर पुढे चित्र आणि मागे त्याचं नाव, वर मराठीत, खाली उर्दूत. कारण तेव्हाच्या पोरांचं घर मराठीत आणि शाळा उर्दूत.

या सगळ्याच्या मुळाशी होती त्यांची लेक बनू. ती नुकती बोलायला लागली होती तेव्हा मेहुण्यांनी तिला उरलेल्या रंगातून एक बैल काढून दिला, चांगला बाजूने उभा. पोरीने भोकाड पसरलं. “बैलाचा दुसरा डोळा कुठं गेला? फुटला का?” दुसरा कुणी बाप ‘पलीकडे आहे’ म्हणून मोकळा झाला असता. मेहुण्यांनी फळी उलटून पाहिली. पलीकडे खरंच काही नव्हतं. तेव्हा त्यांनी आहे त्याच बाजूला आणखी एक डोळा काढला आणि बनू खुदकन हसली. त्या हसण्यावर त्यांनी नोकरी सोडली, असं माझी बायको अजून म्हणते.

मग काय, कोंबडीला एका गालावर दोन डोळे, टांग्याची दोन्ही चाकं शेजारी शेजारी, आणि घराच्या चित्रात भिंतीतून आरपार दिसणारी चूल. प्रत्येक चित्र आधी लेकरांपुढे जायचं. आठवडी बाजारात कुणाच्या कडेवर मूल दिसलं की हे त्याच्यापुढे उकिडवे बसून फळी दाखवत, “काय हाय रे हे, सांग बरं?” मंठ्याच्या बाजारात एका बाईने पोरं पळवणारा समजून यांच्यामागे माणसं लावली होती. पळता पळताही हे वळून विचारत होते, “पण त्यानं वळखलं का न्हाई?”

सिंह त्यांनी कधी काढला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “दाजी, तुम्ही पाह्यलाय का? मंग लेकरानं कामून वळखावा?” त्याऐवजी मोट, कावड, जातं. मी त्या बैलाची भरपूर थट्टा करायचो. मेहुण्याची थट्टा करायचा हक्क मला लग्नातच मिळाला होता.

पण नुसत्या कौतुकावर पडवी किती चालणार? गावात ज्यांच्या घरी पोरं होती त्या सगळ्यांकडे पाट्या झाल्या होत्या, आणि सुतार दुसरं काम बघायला लागला होता. अशात हैदराबादचा एक दुकानदार जालन्याला उतरून मुद्दाम आमच्या गावी आला. त्याला भरपूर माल हवा होता. हा सौदा झाला तर कारखाना तरणार, नाहीतर मेहुणे पुन्हा गाठींवर छाप मारायला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानदाराने पाट्या वरखाली करून पाहिल्या. “चीज बढिया हाय. पण बैलाचा ह्यो एक डोळा काढून टाका. लोक हसतील मला.”

“डोळा निघणार न्हाई,” मेहुणे म्हणाले.

मी त्यांना कोपरखळी मारली. उपयोग शून्य. शेवटी तेच म्हणाले, “असं करू, मालकिणीलाच इचारू. ती म्हणंल ते बिलकुल कबूल.” आणि त्यांनी मोठ्या खात्रीने बनूला हाक मारली.

बनू आता पुष्कळ उंच झाली होती. पदर खोचून, हाताचं पीठ झटकत आली. बापाने बैल पुढे केला. “सांग, डोळे किती पाह्यजेत?”

तिने बैलाकडे पाहिलंच नाही. बापाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाबा, बाजूनं एकच दिसतो.”

“मंग तू बोलली कामून न्हाई?”

“तुम्हाला लई आवडतो ना तो. म्हणून न्हाई बोलले.”

किती वर्षं बाप लेकीसाठी दुसरा डोळा सांभाळत होता, आणि लेक बापासाठी गप्प बसली होती! सौदा झाला. मेहुणे शब्दाला जागणारे. त्याच संध्याकाळी ब्रश घेऊन बसले आणि एकेका बैलाचा एकेक डोळा तांबड्या रंगाने झाकू लागले. माल वेळेवर रवाना झाला, सुतार राहिला, पुढे पडवीला लोक खरंच कारखाना म्हणायला लागले.

ते रंग देत असताना मी जवळ जाऊन बसलो होतो. एरवी थट्टेची इतकी आयती संधी मी सोडली नसती. मेहुण्यांनी मान वर न करता विचारलं, “दाजी, कव्हा मोठी झाली हो ही?” आयुष्यभर लेकरांना प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाने मोठ्या माणसाला मनापासून विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा. मी दुसरा ब्रश उचलला आणि पुढचा बैल जवळ ओढला.