जिभेला चिकटलेली सुई

नातवंडांनो, आज कोटाचं बटण लावायला सुईत दोरा ओवला आणि अलास्का आठवलं, म्हणून लगेच लिहायला बसले. मी तिथे उत्खनन शिकत होते. गोठलेली जमीन उन्हाने बोटभर वितळली की तेवढीच खरवडायची. कुबट, ओला वास यायचा. एकदा हाताला बारीक काडी लागली. दगड असेल तर ढिगाऱ्यात जाणार, हाड असेल तर माझा पहिला शोध! "जिभेला लाव. हाड चिकटतं," प्राध्यापक बाई म्हणाल्या. नागपूरचा वर्गमित्र हसला, "यार, तू तर अंडंही खात नाहीस!" मी डोळे मिटून जीभ लावली. चिकटली! मी किंचाळलेच. धुतल्यावर टोकाला नेढं दिसलं. कुणाचीतरी कातड्याचे कपडे शिवायची हाडाची सुई होती ती! तिथल्या संग्रहालयात ती अजून आहे आणि तिचं नेढं शाबूत आहे.