ओवाळलं एकाला
विधानसभेच्या निवडणुकीत कोण का जिंकतो, हे मी पंचवटीतल्या आमच्या गल्लीला वर्षानुवर्षं समजावत आलो आहे. जात, लाट, बंडखोर, रस्त्यातले खड्डे, कांद्याचा भाव. या वेळी ते आईलाही समजावलं, आणि तिथेच चुकलो.

पंच्याऐंशी ओलांडलेल्यांचं मत आता घरी येऊन घेतात. आईचे गुडघे दुखतात म्हणून मी तिला न विचारताच अर्ज भरून टाकला. कर्मचारी येण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अजून दारात कोणी हात जोडून आलं नाही. द्यायचं कोणाला?" ज्याची हवा होती, त्याचं चिन्ह मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशामागे तिने मुकाट्याने खूण केली.

आणि लगेच दुसरा उमेदवार ताशे वाजवत गल्लीत आला. दारी आलेल्याला आई ओवाळतेच. त्याने वाकून तिचे पाय धरले. "आई, आशीर्वाद असू द्या."

"आहे रे बाबा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच चपला शोधू लागलो.

तो गेल्यावर ती खुर्चीत बसली. "ज्याला ओवाळलं त्याला मत नाही, असं आयुष्यात केलं नव्हतं मी."

"एका मताने काय होतंय, आई?"

"मग गल्लीला एवढी वर्षं काय शिकवत होतास?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता तुमचं मत द्या त्याला. फिटंफाट!"

"अगं, माझा काही अभ्यास आहे."

"अभ्यास तुझा," आई म्हणाली, "पण पाय माझे धरलेत त्याने."

मतदानाच्या दिवशी यंत्रासमोर मला ना लाट आठवली, ना खड्डे. निरांजन हातात धरलेली आई तेवढी दिसत राहिली. बटण दाबलं आणि घरी आलो.

"दिलंस?"

"मतदान गुप्त असतं, आई."

"असतं. तुझं तोंड नसतं." ती हसली, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

निवडून ज्याची हवा होती तोच आला. गल्लीने माझ्या अंदाजाचं कौतुक केलं. मी मान खाली घातली. आमच्या दोघांच्या मतांनी एकमेकांना खाल्लं होतं, हे कोणाला सांगणार?

आई मात्र शांत होती. "पुढच्या वेळी अर्ज भरू नकोस," ती म्हणाली. "मी रिक्षाने जाईन. प्रचाराच्या शेवटच्या दिवसापर्यंत दाराकडे बघता येतं."