कोतवाल उकंडाची साक्ष

सन १९६२. नेरजवळच्या एका खेड्याचा कोतवाल उकंडा यवतमाळच्या कोर्टाबाहेर सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. कापसाची गंजी पेटवल्याचा आळ तांड्यावरच्या उत्तमसिंगवर होता. रॉकेलचा डबा त्याच्या घरात सापडला, असं लिहिलेल्या पंचनाम्यावर उकंडाचा अंगठा होता. डबा मात्र त्यानं पाहिला होता तो ठाण्यात.

"नुसतं हो म्हन," ठाण्याचा जमादार पुन्हा पुन्हा येऊन बजावत होता.

पुकारा झाला. उकंडा पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला.

"डबा तुमच्यासमोर निघाला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"अंगठा माहाच हाय, साहेब. पन मी तांड्यावर गेलोच नव्हतो. डबा मले ठाण्यात दाखोला."

महिन्याभरात उत्तमसिंग सुटला. त्याची बायको लालीबाई पाया पडायला आली, तेव्हा उकंडा मागे सरकला.

"आग त्यानं लावली का नाही, मले ठाऊक नाही," ती गेल्यावर तो आपल्या बायकोला, पंचफुलाला म्हणाला. "मी खरं बोललो, तरी जीव काहून थाऱ्यावर नाही?"

"अंगठा देल्ला तवा खोटंच केलं होतं ना तुमी?"

उकंडा उठला. पायात जोडे घातले आणि काम नसताना गावभर हिंडत राहिला.