एकोणतिसाचा पाढा

बायको गेल्यावर मी शाळेतून लांबलचक रजा घेतली होती. रोज सकाळी बुलढाण्याच्या मैदानावर यायचो आणि नुसता बाकावर बसून राहायचो. तिथे साठीच्या एक बाई नऊवारीत, पायात पांढरे बूट घालून झपाझप चालायच्या. चालताना मोठ्याने एकोणतिसाचा पाढा म्हणायच्या आणि चुकल्या की स्वतःशीच हसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा त्या माझ्यासमोर थांबल्या. "काऊन बसून राह्यले हो भाऊ?"

"मन लागत नाही," मी म्हणालो.

"बसल्या जागी कोणाचं लागते? मालक गेले तवा मले नातवाचं नाव आठवे ना. डॉक्टरीण म्हणे, चाला. चालाले लागली, तं डोकं उघडलं. उठा, एक चक्कर मारू."

पहिल्याच चकरेत मला धाप लागली. तिसऱ्या चकरेत त्या म्हणाल्या, "आता धावा."

आणि मी, पन्नाशीचा माणूस, खरंच धावलो. छाती धडधडत होती, कानशिलं तापली होती आणि कित्येक महिन्यांनी मला कडकडून भूक लागली होती. घरी येऊन मी स्वतः पोहे केले, दोन बशा खाल्ले आणि मुख्याध्यापकांना फोन लावला. म्हटलं, सोमवारपासून येतो.