मोहोळाखालची खूण

ती खूण मी मोडली होती. पोरांनी नाही, गुराख्यांनी नाही, वाऱ्याने तर नाहीच. एवढे एक वाक्य बोलायला मला काही वर्षे लागली, आणि तेवढी वर्षे एका चांगल्या माणसावर ठपका राहिला.

बेचाळीसच्या धामधुमीनंतरचे दिवस होते. नगरमध्ये आम्ही तिघे मिळून मुलांचे एक मंडळ चालवत असू. पगार नव्हता, कचेरी नव्हती. रविवार उजाडला की पेठेतली आणि भिंगारची पोरे गोळा करायची, डोंगरात न्यायची, विहिरीत पोहायला शिकवायचे, गाठी मारायला आणि तीन दगडांच्या चुलीवर पिठले रांधायला शिकवायचे. मी शाळेत मास्तर होतो. अध्यक्ष होते एक म्हातारे वैद्य. आणि तिसरा भिंगारच्या लष्करी डेपोतला कारकून, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ आणि पोरांचा लाडका.

आमची एक पद्धत होती. एकाने पहाटे पुढे जायचे, वाटेवर दगडांच्या खुणा मांडायच्या आणि मुक्कामाच्या जागी थांबायचे. पोरांनी त्या खुणा वाचत, कुणाला न विचारता तिथवर पोचायचे. दगडावर दगड म्हणजे सरळ. शेजारी धाकटा दगड ठेवला असेल तर त्या अंगाला वळा. पुढे जायचे काम बहुधा कारकूनच करी.

त्या काळात काठ्या घेतलेली पोरे रस्त्याने निघाली की पोलिसांच्या भुवया चढत. एकदा कुठे जायचे हे मी पोरांनाही सांगितले नव्हते, आणि आम्ही पोचलो तर त्या गावच्या चावडीवर जमादार आधीच येऊन बसलेला. "या मास्तर, उशीर केलात," म्हणाला.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा शिरला. खबर कोण देतो? गोऱ्या साहेबाच्या हाताखाली कोण आहे? पुढे एकटा कोण जातो? तिन्हींचे उत्तर एकच येई. मग तो एखाद्या गावच्या पाटलाशी हसून बोलला तरी मला खुपू लागले. त्याने तंबाखू दिली तरी वाटे, हा मला गोड बोलून काढून घेतोय. एकदोघा पालकांच्या कानावरही मी हे हळूच घातले.

त्याच्या ते ध्यानात आले नसेल असे नाही. "काय मास्तर," एकदा तो म्हणाला, "आजकाल माज्याकडं असं बघताय, जसं काय मी तुमची कोंबडी चोरली."

"तसं काही नाही," मी म्हणालो.

"मग ठीक हाय. मला वाटलं, अंडी मोजताय का काय."

पुढच्या चैत्रात आम्ही डोंगरगणच्या बाजूला गेलो. वैद्यबुवा त्या दिवशी नव्हते, कारकून पहाटेच पुढे गेला होता. पोरे पायथ्याच्या विहिरीवर पाणी पीत होती, तोवर 'वाट बघून येतो' म्हणून मी एकटा वर चढलो. कड्याखालच्या वळणावर मला एक खूण दिसली. बारीक दगडांचे रिंगण आणि मधोमध कोळसा. अशी खूण आम्ही कुणालाच शिकवली नव्हती. तिच्या शेजारीच खाली ओढ्याकडे वळायची खूण होती.

माझी खात्रीच झाली. कोळसा कुणा दुसऱ्यासाठी ठेवलाय, आणि आम्हाला ओढ्यात उतरवून गाठायचा बेत आहे. मी पायाने दोन्ही खुणा उधळल्या आणि कोळसा झुडपात फेकला. मान वर करून कड्याकडे पाहायचे काही मला सुचले नाही.

पोरे आली. खूण दिसेना म्हणून थबकली. मी म्हणालो, सरळ चला. पुढे कपारीची सावली होती. तिथे त्यांनी चूल पेटवली. धूर वर चढला आणि कड्याला लोंबणारे आग्या मोहोळ उठले.

ओरडा ऐकून कारकून ओढ्यातून धावत वर आला. अंगावरचे घोंगडे त्याने पोरांवर टाकले आणि सगळ्यांना पाण्याकडे पिटाळले. शिंप्याचा मुलगा भोवळ येऊन पडला होता, त्याला पाठीवर घेऊन तो उतरला. त्याचा स्वतःचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"मास्तर, खूण बघितली न्हाई का? कोळसा ठेवला हुता की. जाळ करू नका म्हनून. म्हटलं, पोरं डोकं लढवतील."

"खूण नव्हती," मी म्हणालो.

मुलगा वाचला, पण बरेच दिवस अंथरुणावर होता. मंडळाची बैठक बसली. कारकून म्हणाला, खूण ठेवली होती. पोरे म्हणाली, नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. एक पालक म्हणाला, डेपोतला माणूस, पोलिसांना खबरा देतो, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

वैद्यबुवा चकित झाले. "पोलिसांना मीच सांगतो. दर खेपेला फौजदाराला भेटून येतो. नाहीतर या दिवसांत पोरं वेशीबाहेर कोण सोडील?"

त्याच क्षणी उठायला हवे होते. पण समोर मुलाचा बाप बसला होता, आणि माझी जीभ उचलली नाही. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून कारकुनाला मंडळातून काढले.

त्याच्या जागी मी पुढे जाऊ लागलो. पण संशयाने माझी पाठ सोडली नाही, फक्त तोंड माझ्याकडे वळवले. कुणी हळू बोलले की वाटे, यांना कळलेय. पोराने दगडाला हात लावला तरी मी वळून पाही.

स्वराज्य आल्यावर एकदा धीर करून मी भिंगारला त्याच्या घरी गेलो. तो अंगणात सायकलचे पंक्चर काढत होता. मी सगळे सांगितले. त्याने ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहत राहिला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या दिशी मी वर गेल्तो. कोळसा झुडपात पडला हुता. लपवायचं असल्याबिगर कुनी इतक्या लांब फेकत न्हाई. आन् पोरांच्या आधी वर तुमीच गेल्ता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हनून." ट्यूब पुसत तो म्हणाला, "माज्याकडं येऊन काय उपेग, मास्तर? मला म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्याकडं जा."

पुढच्या रविवारी निघण्याआधी मी मैदानावर पोरांना थांबवले. पालकांना निरोप धाडून बोलावले होते. वैद्यबुवा होते, शिंपी होता. कारकूनही आला, पण लांबच उभा राहिला. मी आधी शिंप्यासमोर हात जोडले. त्याने तोंड फिरवले. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असे कारकुनाला म्हणालो, "तुम्ही खूण बरोबर ठेवली होती. ती मी मोडली. पोरांना माझ्यामुळे माश्या डसल्या, आणि तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. मला क्षमा करा."