देवरे काकांचे तेहेतीस अनारसे

देवरे काका पहिल्यांदा माझ्या दारात आले ते ताटलीत एकच पोळी घेऊन. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, यांनी तिथे कारखान्यातला जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर लावला होता. म्हणाले, "ताई, ही पोळी मधे दोन मिलिमीटर आहे आणि कडेला चार. कारण सांगा." काकूंना जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौदा वर्षं राहत होतो, पण माझं बोलणं सगळं काकूंशी. काका भेटले तर काय बोलायचं, म्हणून सांत्वनाची चार वाक्यं मी मनात तयार ठेवली होती. त्यातलं एकही कामाला येईना! शेवटी म्हटलं, "काका, मधे कमी दाबा, कडा लाटा." "हां, म्हणजे दाब समान नाही," असं म्हणून ते गेले, आणि दहा मिनिटांनी दुसरी पोळी घेऊन पुन्हा हजर.

अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासण्याचं काम केलं. मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण खूश झाले की गावाकडची बोली बाहेर पडायची, "भारी शे!" घरात मात्र चहाची पावडर कुठल्या डब्यात असते, हेही या माणसाला ठाऊक नव्हतं. एकदा कुकरची शिट्टी घासून पुसून ओट्यावर ठेवली, तशीच विसरले आणि कुकर गॅसवर चढवला. मग खुर्ची टाकून पाऊण तास शिट्टी कधी होते त्याची वाट बघत बसले. वास माझ्या घरापर्यंत आला तेव्हा मी धावले. दुसऱ्या दिवशी गॅसच्या वर भिंतीवर कागद चिकटवलेला: पाणी घातले का? शिट्टी लावली का? तपासणाऱ्याची सही. आणि खाली रोजच्या तारखेला स्वतःचीच सही! मी हसून हसून बेजार झाले. ते गंभीरपणे म्हणाले, "हसा तुम्ही. पण ताई, खिचडी रिजेक्ट करायची, माणूस नाही. काल खिचडी रिजेक्ट, देवरे ओके."

हे वाक्य त्यांनी त्या वर्षात किती वेळा म्हटलं असेल! दूध उतू गेलं, देवरे ओके. पांढऱ्या सदऱ्यांबरोबर लाल टॉवेल मशीनमध्ये गेला आणि सगळे सदरे गुलाबी झाले, तरी देवरे ओके; तेच सदरे घालून ते गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या, बुधवारच्या बाजारात भाजी आणायला गेले. आता असं वाटेल की माणूस दुःख विसरला होता. मुळीच नाही. एकदा माझ्याकडे मेथी निवडत बसले होते. मधेच थांबून म्हणाले, "ताई, एक जुडी निवडायला एवढा वेळ लागतो. ती निवडताना माझ्याशी बोलत असायची, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो." आम्ही दोघांनी मिळून मेथी संपवली.

त्यांची एकुलती एक मुलगी अर्चना पुण्याला असते. ती महिन्यातून एकदा शनिवारी यायची, आल्या आल्या ओढणी खोचून कामाला लागायची. जाळ्या काढ, फ्रिज पूस, आठ दिवसांच्या भाज्या करून ठेव, की रविवारी संध्याकाळी परतीची गाडी. पोरगी येते आणि राबून जाते, हे मलाच बघवायचं नाही. एकदा जिन्यात मी तिला म्हटलं, "अगं, माहेरी आलीस तर जरा टेक की." ती म्हणाली, "काकू, माहेर आईबरोबर गेलं. आता मी येते ती बाबांना सांभाळायला." नेमके तेव्हाच काका दुधाच्या पिशव्या घेऊन खालून वर येत होते. त्यांनी ऐकलं. जिन्याच्या वळणावर तसेच उभे राहिले आणि ती आत गेल्यावरच वर आले.

काकूंचं वर्षश्राद्ध झालं आणि दोन महिन्यांनी अधिक महिना आला. आमच्याकडे या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाच्या धोंड्यांचं जेवण घालतात आणि जावयाला दिव्यासकट तेहेतीस अनारशांचं वाण देतात. सासू-सासऱ्यांनी जोडीने द्यायचं ते. काकांच्या भावजयीचा सटाण्याहून फोन आला, "भाऊ, तुम्ही एकटे कसं काय देणार? पोरीला इकडेच पाठवा, आम्ही दोघं देऊ." आता माझी अक्कल बघा. मीही म्हटलं, "काका, बरोबरच आहे त्यांचं. तुमचीही दगदग वाचेल." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाले, "आज धोंडं सटाण्याला गेलं, उद्या दिवाळी जाईल. मग अर्चू इथे कशाला येईल? माझ्या गोळ्या मोजायला? नाही ताई. माहेर इथेच राहील. मी शिकतो." पंचवटीतल्या गुरुजींना विचारून आले. गुरुजी म्हणाले होते, "द्या की हो. देणारा बाप आहे, आणखी काय पाहिजे?"

पण अनारसे! भल्याभल्या सुगरणींना रडवणारा पदार्थ तो. मी स्वतः विकतचे आणते, सांगायला लाज कसली. पण आईचं पाहून कृती पाठ होती, ती सांगितली. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कापडावर पसरायचे आणि थोडे दमट असतानाच दळून पीठ गुळात मळायचं. काकांनी पाणी तिन्ही दिवस ठरल्या वेळी बदललं, सही करून. पण तांदूळ दमट ठेवायचे म्हटल्यावर त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. ओलावा म्हणजे दोष! तीस वर्षं ओला माल परत पाठवलेला माणूस तो. माझ्या नकळत त्यांनी ते तांदूळ गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात खडखडीत वाळवले. मग पीठ मळलं जाईना, म्हणून गूळ वाढवला, आणखी वाढवला. कढईत पहिला अनारसा सोडला तो बघता बघता विरघळून तुपात पसरला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. सगळं तूप काळं झालं आणि काका हातात झारा घेऊन मटकन स्टुलावर बसले. त्यांनी "देवरे ओके" म्हटलं नाही. म्हणाले, "तिला येत होतं हो सगळं. मी एकदाही विचारलं नाही कसं करतेस." मी गॅस बंद केला आणि जरा दरडावूनच म्हटलं, "काका, अजून नऊ दिवस आहेत. उठा. तांदूळ भिजत घाला." ते उठले.

या वेळी तांदूळ दमटच दळले आणि दुसरा घाणा जमला. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडला, तो टिकला, जाळी पडली, कडा सोनेरी झाल्या. "भारी शे! लय भारी शे!" काका लहान पोरासारखे ओरडले. मी लगेच डबा उघडायला लागले तर मला थांबवून म्हणाले, "पहिल्या पीसवर खूश व्हायचं नाही, ताई. शेवटचा बघायचा." छत्तीस झाले. कॅलिपर लावून त्यांनी तीन बाद केले आणि रिजेक्ट माल इन्स्पेक्टरने संपवायचा असतो म्हणत दोन स्वतः खाल्ले, एक मला दिला.

रविवारी अर्चना आणि जावई निखिल आले. अर्चना सवयीने ओढणी खोचत स्वयंपाकघराकडे वळली, तर काका दारात आडवे उभे. "आत काम चालू आहे. बाहेर बस." "बाबा, अहो, धोंडे उकडायचे असतील, पुरण..." "झालंय. बस म्हटलं ना!" बापाने एकट्याने पाटावर बसून जावयाला वाण दिलं. ताटातले अनारसे बघून अर्चनाने मला विचारलं, "काकू, कुठून आणले?" मी काकांकडे बोट दाखवलं. तिने एक उचलून खाल्ला आणि तो घशाखाली उतरेपर्यंत ती घळाघळा रडत होती, हसतही होती. मग पोरगी जेवायला बसली. आयतं, गरम, आग्रहाचं. चार धोंडे खाल्ले तिने तुपात बुडवून! जेवण झाल्यावर हॉलमध्ये पंख्याखाली फरशीवरच आडवी झाली, पाच मिनिटं पडते म्हणाली, आणि गाढ झोपली.

चार वाजता निघायचं ठरलं होतं. साडेतीनला निखिल हळूच म्हणाला, "उठवू का?" काकांनी 'नको' अशी मान हलवली. नळ बारीक सोडून ते एकेक भांडं आवाज न करता घासत होते, मी पुसून ठेवत होते. चार वाजून गेले. तेवढ्यात खालून भंगारवाल्याच्या हातगाडीचा भोंगा कर्कश्श सुरू झाला. काका साबणाच्या हातांनी, अनवाणी, तीन जिने धडाधड उतरून गेले. मी खिडकीतून वाकून बघितलं. गाडीच्या पुढ्यात दोन्ही हात जोडून ते त्या भंगारवाल्याला सांगत होते, "दादा, भोंगा बंद कर ना थोडा. माझी लेक माहेराला आलीय. झोपलीय ती."