दुसऱ्या पाळीचा माणूस

मदत कुणी केली ते आधी लिहितो. लिंबायतच्या कारखान्यात ज्या मागांवर मी दिवसपाळी करतो, त्याच मागांवर रात्री एक ओडिशाचा माणूस उभा राहतो. त्यानं केली. आमची ओळख पाळी बदलताना होईल तेवढीच, आणि तीही भांडणाची. "तुटलेले धागे माझ्यासाठी ठेवून जातोस काय रे?" मी म्हणायचो. "तुमसे ही सीखा, भाई," तो म्हणायचा.

माझ्या बायकोला रक्ताचा कॅन्सर निघाला. मी सातवीतून शाळा सोडलेला, गाव धुळ्याकडे, इथं विचारायला मोठं कुणी नाही. केमोनं वाईट पेशींबरोबर चांगल्याही मरतात, एवढंच मला समजलं होतं. मग दवाखान्यातच एका दुपारी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. थांबेचना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्लेटलेट फार उतरल्यात, डोक्यातही रक्त उतरू शकतं. रक्तपेढीतली एक पिशवी कशीबशी मिळाली, ती पुरणार नव्हती. "सकाळी तिच्या गटाची माणसं आणा."

सकाळी मागावरचे तिघं नेले, चौथा मी. रक्तपेढीतल्या सिस्टरनं गुजरातीत विचारलं, "भाई, दुखावानी कोई गोळी लीधी छे?" सगळे हसले. दिवसभर उभं राहायचं तर दुखण्यावरची गोळी कोण खात नाही? चहासारखी खातो आम्ही. सिस्टर हसली नाही. त्या गोळीनं प्लेटलेट काही दिवस कामाच्या राहत नाहीत, म्हणाली. तिघंही बाद झाले. मीसुद्धा. सुई टोचताना पाठ ताठ राहावी म्हणून मी त्या सकाळी मुद्दाम घेतली होती.

बायकोनं तोंडावरचं फडकं जरा बाजूला केलं. "आते कसं व्हई?"

"येतोय एक जण," मी म्हणालो. कुणीच येत नव्हतं.

संध्याकाळी खाडा सांगायला कारखान्यात गेलो. रात्रपाळीला आलेल्या त्या ओडिशाच्या माणसानं माझं तोंड बघून विचारलं, मी सांगितलं.

"मेरा भी वही ग्रुप है. गोली मैं नहीं खाता."

"पाठ दुखत नाही?"

"दुखती है. फोन पे बीवी को बोलता हूँ, वो हँसती है."

त्यानं त्या रात्रीची पाळी सोडली. झोपून, जेवून सकाळी आला. त्याच्या हातातलं रक्त यंत्रात जात होतं, प्लेटलेट ठेवून परत येत होतं. मी नळीवरून नजर काढली नाही. चालत्या मागावर धागा कधी तुटेल सांगता येत नाही, तसं वाटत होतं. पिवळसर पिशवी भरली, तिला चढली. संध्याकाळी फडकं कोरडं होतं.

मी पायाला हात लावायला वाकलो तर तो मागं सरकला. "कल धागा जोड़ के जाना, बस."

पुढची केमो आहेच. प्लेटलेट पुन्हा उतरतील, डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय. रोज सकाळी मी आधी तिच्या हिरड्या बघतो.

गोळी मी बंद केली. दुपारपासून पाठ ठणकते, ठणकू दे. त्याचीही माणसं लांब आहेत. कधी त्याला रक्त लागलं, त्याच्या कुणाला लागलं, तर सिस्टरच्या त्या प्रश्नाला मी नाही म्हणेन आणि हात पुढे करीन.